बुधवारचा एका कढईतला चिकन पास्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला, घर कोपरखैरणेला. ट्रान्स हार्बरच्या गाडीतून घामेजून घरी पोचेपर्यंत पावणेआठ होतात आणि दार उघडताच पहिला प्रश्न येतो, "आज काय आहे?" आठवड्यातून एकदा त्याचं उत्तर चिकन पास्ता असतं. उरलेला दुसऱ्या दिवशी डब्यात जातो आणि डबा उघडला की ऑफिसातल्या मैत्रिणींचे, तिथून त्यांच्या भावजयांचे आणि शेजारणींचे प्रश्न येतात. बहुतेक तेच ते. म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकते.

आधी साहित्य आणि कृती सांगा, बाकीचं नंतर.

चार माणसांसाठी पाव किलो पेने किंवा फुसिली, चारशे ग्रॅम बोनलेस चिकन, एक मोठा कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, तीन पिकलेले टोमॅटो, एक सिमला मिरची, दोन टेबलस्पून तेल, मिरपूड, थोडी लाल मिरची पूड, दोन चीज क्यूब आणि अर्धी वाटी साय. पाणी ६०० मिली. आमटीची वाटी १५० मिलीची धरली तर चार वाट्या.

पसरट कढईत तेल चांगलं तापवा. मीठ-मिरपूड लावलेले चिकनचे तुकडे एका थरात पसरा आणि दोन-तीन मिनिटं त्यांना हात लावू नका. खालून तांबूस झाले की उलटा, आणखी दोन मिनिटं ठेवा आणि ताटलीत काढा. त्याच कढईत कांदा, मग लसूण, मग बारीक चिरलेला टोमॅटो. टोमॅटो गळला की तिखट घाला, कोरडा पास्ता घाला आणि गरम पाणी ओता. पास्ता जेमतेम बुडला पाहिजे. उकळी आली की आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा, झाकण ठेवा आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळा. आठ-नऊ मिनिटांनी सिमला मिरची आणि ताटलीतलं चिकन, सुटलेल्या रसासकट, परत कढईत घाला. आणखी चार-पाच मिनिटं. गॅस बंद करून साय आणि किसलेलं चीज. झाकून तीन मिनिटं राहू द्या.

कांदा चिरण्यापासून ताट वाढेपर्यंत पस्तीस मिनिटं. पहिल्यांदा करताना पन्नास धरा.

पास्ता वेगळा उकडून पाणी काढून टाकत नाही? मग तो चिकट होत नाही का?

वरणफळं करताना तुम्ही फळं वेगळी उकडता का? चकोल्या म्हणा, डाळढोकळी म्हणा, कणकेचे तुकडे कच्चेच उकळत्या वरणात पडतात, तिथेच शिजतात आणि वरण आपोआप दाट होतं. इथे नेमकं तेच घडतं. पास्ता शिजताना त्यातलं पिठूळ पाण्यात उतरतं. भरपूर पाण्यात उकडून चाळणीवर ओतलं की ते सगळं मोरीत जातं, आणि मग सॉस दाट करायला आपण मैदा आणि कॉर्नफ्लोअर शोधत बसतो. मोजक्या पाण्यात शिजवलं तर ते कढईतच राहतं. साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण फुगतात आणि रसाला अंग येतं. तेल, टोमॅटोचं पाणी आणि चीज हे एरवी एकमेकांपासून फटकून राहणारे पदार्थ त्याच पिठूळ पाण्यामुळे एकजीव होतात.

चिकट होतो तो दोन कारणांनी. एक, सुरुवातीला ढवळला नाही म्हणून. पास्ता पाण्यात पडल्यावर पहिली तीन मिनिटं त्याचा पृष्ठभाग गोंदासारखा असतो. तेव्हा कढईसमोरून हलू नका, फोन आला तरी. दुसरं कारण म्हणजे चुकीचा पास्ता, त्यावर पुढचा प्रश्न आहेच.

कुठला पास्ता घ्यायचा? आमच्या किराणावाल्याकडे सुट्टी मॅकरोनी स्वस्त मिळते.

ती या कामासाठी घेऊ नका. मी घेतली होती. दहाव्या मिनिटाला कढईत लापशी तयार झाली आणि मुलाने ती "चिकनचा शिरा" म्हणून आजतागायत लक्षात ठेवली आहे.

पाकीट उलटं करून घटक वाचा. "ड्युरम व्हीट सेमोलिना" एवढंच लिहिलेलं असेल तर उत्तम, मैदा असेल तर परत ठेवा. ड्युरम म्हणजे परदेशातून आलेलं काही अगम्य धान्य नाही. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा आहे, आणि ज्याचा उपमा मोकळा होतो तो बन्सी रवा त्याचाच. दाणा कडक, रंग पिवळसर, प्रथिनं भरपूर. ती प्रथिनं जाळ्यासारखी स्टार्चला धरून ठेवतात, म्हणून तुकडा शिजूनही आकार सोडत नाही. मैद्याच्या पास्त्याला हे जमत नाही. भरपूर पाण्यात उकडला तर तो एकवेळ निभावून जातो, एका कढईच्या पद्धतीत मात्र त्याचा लगदा होतो.

आकार आखूडच घ्या. पेने, फुसिली, शंख. स्पॅगेटी मोडून घालता येते, पण ढवळताना चिकनच्या तुकड्यांभोवती गुंता होतो आणि दमून आलेल्या माणसाला तो सोडवत बसायची हौस नसते.

पाकिटावर दहा मिनिटं लिहिलंय, माझा चौदा मिनिटांनीही कच्चा लागतो.

पाकिटावरची वेळ खळाळत्या भरपूर पाण्यासाठी असते. इथे पाणी कमी आणि आच मंद, त्यामुळे बारा ते चौदा मिनिटं लागतातच. त्यात गार पाणी ओतलं असेल तर कढई पुन्हा तापेपर्यंत आणखी वेळ जातो आणि तेवढ्यात पास्ता बाहेरून मऊ, आतून कच्चा राहतो. म्हणून पाणी गरमच घाला. मी घरात शिरल्या शिरल्या दुसऱ्या शेगडीवर पातेलं ठेवते आणि मग चपला काढते. एक वाटीभर गरम पाणी जादा ठेवा. पाणी आटलं आणि पास्ता झाला नाही तर तेच थोडं थोडं घाला. पास्ता झाला आणि पाणी उरलं तर झाकण काढून आच मोठी करा, दोन मिनिटांत आटतं. शिवाय थोडं पातळ असतानाच गॅस बंद केलेला बरा, कारण ताटात येईपर्यंत पास्ता पाणी पीतच राहतो.

चिकनवाल्याला नेमकं काय सांगायचं?

"लेग बोनलेस, स्किनलेस, बारीक पीस." नुसतं "बोनलेस" म्हटलंत तर बहुतेक ठिकाणी ब्रेस्ट मिळतं. ब्रेस्ट चालतं, पण त्यात चरबी जवळपास नसते आणि दोन मिनिटं जास्त शिजलं तर चघळत बसावं लागतं. लेगचं मांस विसरभोळ्या माणसाला सांभाळून घेतं. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी मऊ राहतं, म्हणून कामाच्या दिवशी मी तेच घेते. तुकडे इंचभराचे, सगळे सारखे.

आख्खी कोंबडी घेऊन बोनलेस काढून घेत असाल तर हाडं सोडू नका. वेगळ्या पिशवीत मागून घ्या. सुट्टीच्या दिवशी कुकरमध्ये हाडं, अर्धा कांदा आणि चार मिरे घालून पाणी काढा, गाळून फ्रीजरमध्ये ठेवा. पास्त्यात साध्या पाण्याऐवजी ते पडलं की चव कुठल्या कुठे जाते.

धुवायचं की नाही?

चिकन न धुणं आपल्या घरांत कुणाला पटत नाही, मला माहीत आहे. पण नळाच्या धारेखाली धरलं की शिंतोडे ओट्यावर, धुतलेल्या भांड्यांवर, शेजारच्या काकडीवर उडतात आणि कच्च्या मांसातले जंतू तिथे पोचतात. जंतू मरतात ते उष्णतेने, पाण्याने नाही. कागदाने टिपून घेणं सगळ्यात चांगलं. मन मानतच नसेल तर भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, पाणी सांभाळून ओता, सिंक घासा. एक मात्र दोन्ही पद्धतींत सारखं: तुकडे कोरडे करा. ओलं चिकन तेलात पडलं की ते भाजत नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतं.

चिकन आधी भाजायची गरज काय? पास्त्याबरोबरच शिजू दे की.

शिजेल. पण पांढरंफटक, आणि आजाऱ्याच्या सूपसारखं.

या पाककृतीत चव जिथे तयार होते ती जागा म्हणजे कढईचा तळ. चिकन भाजलं की तळाला तपकिरी खरवड धरते. कांदा घातल्यावर तो पाणी सोडतो, त्या पाण्यात ती खरवड उलथन्याने सोडवून घ्यायची. उरलेली टोमॅटो सोडवतो. फक्त ती काळी होऊ देऊ नका, काळी झाली की कडूपणा शेवटपर्यंत जात नाही. तुकडे दाटीवाटीने घातले तर वाफ धरते आणि खरवड येतच नाही, त्यामुळे कढई लहान असेल तर दोन घाणे काढा. तेवढा वेळ द्याच. वाचवायचाच असेल तर दुसरीकडे वाचवा: कांदा जाडाभरडा चिरा, टोमॅटो किसणीवर किसा, साल हातात राहतं.

चिकन शिजलं हे कसं ओळखायचं?

सगळ्यात मोठा तुकडा मधून कापा. आत गुलाबी नको, रस पाण्यासारखा स्वच्छ हवा. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस.

"वीकनाइट" म्हणजे नक्की कुठला वार? आमच्याकडे निम्मा आठवडा नॉनव्हेज बंद.

आमच्याकडेही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी मटण किंवा मासे, त्यात पास्त्याचं नाव काढायची सोय नाही. राहिले बुधवार आणि शुक्रवार. शुक्रवारी सगळ्यांना बाहेरचं खायचं असतं, म्हणून हा पास्ता बुधवारचा झाला. त्यात संकष्टी किंवा एकादशी बुधवारी आली की तोही गेला.

तयारी मात्र मंगळवारी रात्री करायला देवाची हरकत नसावी, निदान आमच्या घरात तसं ठरलंय: कांदा चिरून डब्यात, टोमॅटो किसून डब्यात. चिकन बुधवारी येताना. श्रावणात हाच पास्ता मशरूम घालून करते. मशरूमलाही चिकनसारखंच आधी मोठ्या आचेवर भाजावं लागतं. पनीर असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत घाला.

सासूबाईंनी माळ घातली आहे. एकाच कढईत कसं जमवायचं?

जमवायचं नाही. ज्या घरात नॉनव्हेजची भांडी वेगळी असतात तिथे "एकच कढई" हा हट्ट सोडून द्या. मोठ्या कढईत सिमला मिरची, मका, मटार घालून पास्ता पूर्ण शाकाहारी करा, त्यांचा आधी वाढून काढा. चिकन तुमच्या नॉनव्हेजच्या तव्यावर वेगळं पूर्ण शिजवा आणि खाणाऱ्यांच्या ताटात वरून घाला. एक भांडं जास्त घासावं लागतं. चमचे अदलाबदल होणार नाहीत एवढं बघा. त्यांना कांदा-लसूणही चालत नसेल तर टोमॅटोत थोडं आलं आणि हिंग, छान लागतं.

साय घातली की फुटते. दूध घातलं तर आणखीनच.

टोमॅटो आंबट आहे आणि दुधातली प्रथिनं आंबटात, त्यातही उष्णतेत, गोळा होतात. पनीर आपण असंच करतो. दुधात स्निग्धांश कमी, म्हणून ते लगेच फुटतं. सायीत जास्त असतो, म्हणून ती जरा तग धरते. तुपासाठी साठवलेल्या सायीतली ताजी अर्धी वाटी घ्या (विरजण लावलेली नको), चमच्याने घोटा, त्यात कढईतला दोन चमचे गरम रस मिसळा आणि गॅस बंद केल्यावरच ओता. टोमॅटो फार आंबट असतील तर आधी चिमूटभर साखर. साखरेने आंबटपणा जात नाही, जिभेला कमी जाणवतो एवढंच. त्यामुळे साय फुटणं टळत नाही, त्याला बंद गॅसच हवा.

दही या पाककृतीत घालू नका. चिकनला लावून ठेवायचं म्हटलं तरी भाजताना पाणी सुटतं आणि खरवडीचं गणित बिघडतं.

चीज कुठलं?

घरात असेल ते प्रोसेस्ड क्यूब. नाकं मुरडणारे मुरडू देत. त्यात चीज एकजीव ठेवणारे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते रसात गुळगुळीत विरघळतं. मोझरेला इथे तारा काढतं आणि गोळा होऊन बसतं, ते पिझ्झ्यासाठी ठेवा. क्यूब खारट असतो, हे मात्र पुढच्या उत्तरासाठी लक्षात असू द्या.

दर वेळी खारट होतो!

पास्ता उकडताना पाण्यात मूठभर मीठ घालायची सवय हाताला लागलेली असते. त्या पद्धतीत बरंचसं मीठ पाण्याबरोबर ओतून दिलं जातं. इथे पाणी कुठेच जात नाही, ते आटतं आणि घातलेलं सगळं मीठ तुमच्या पोटात येतं. पाव किलो पास्त्याला, चिकनचं धरून, एक सपाट चहाचा चमचा पुरे. चीज घातल्यावर चाखा, मग हवं तर वाढवा.

आगरी मसाला चालेल का?

हा प्रश्न विचारणारी घणसोलीची होती आणि तिला उत्तर माहीत होतं, नुसती परवानगी हवी होती. ठाणे-बेलापूर पट्टा मुळात आगरी-कोळ्यांचा, तिथल्या घरात मसाल्याची बरणी असणारच. चालतो, आणि माझ्या मते पाकिटातल्या ओरेगॅनोपेक्षा चिकनला जास्त शोभतो. पण पाऊण चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही, आणि तो टोमॅटोच्या आधी तेलात अर्धा मिनिट परतायचा. वरून भुरभुरवला तर कच्चा लागतो. हा मसाला घातला की लाल तिखट वगळा, ओरेगॅनोही वगळा, साय थोडी वाढवा आणि शेवटी कोथिंबीर. इटलीत चिकन आणि पास्ता एका ताटात सहसा घालतच नाहीत, त्यामुळे आपण तसेही त्यांच्या वाटेवर नाही. मग मागे वळून बघायचं कशाला?

मालवणी मसाल्याचंही असंच. गोडा मसाला मी एकदा घालून पाहिला. पुन्हा नाही घातला.

कढई कुठली?

तळ पसरट आणि जाड हवा, सव्वीस ते अठ्ठावीस सेंटीमीटर. मासे करायची लंगडी असेल तर तीच, झाकणासकट. स्टीलमध्ये खरवड उत्तम धरते, नॉनस्टिकमध्ये कमी धरते पण घासायला सोपं. लोखंडी कढई नको. टोमॅटो लोखंडाशी भांडतो, रस काळपट होतो आणि कढईवर मुरवलेलं तेल निघून जातं. गोल बुडाच्या कढईत पास्ता मध्यभागी गोळा होतो आणि कडेचा कच्चा राहतो.

खारघरला पीजीत राहतो, फक्त इंडक्शन आहे.

भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं का बघ. चिकटलं तर चालेल, साधं ॲल्युमिनियम चालणार नाही. भाजताना मोठी आच, पाणी घातल्यावर ती निम्म्यावर आण. इंडक्शनची उष्णता बुडाच्या मधोमध जास्त असते, म्हणून ढवळणं वाढव. एकट्यासाठी ऐंशी ग्रॅम पास्त्याला पाव लिटर पाणी घे, निम्म्याचं निम्मं करू नकोस, कारण वाफ होऊन जाणारं पाणी माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाही.

कुकरमध्ये होतो का?

होतो. पण पास्त्याचं पाणी फेसाळतं आणि फेस शिट्टीच्या वाटेत अडकू शकतो, म्हणून कुकर निम्म्याहून कमी भरायचा. पाणी पास्त्याच्या जेमतेम वर, एक चमचा तेल, मध्यम आच, एक शिट्टी आणि गॅस बंद. दोन-तीन मिनिटांनी उरलेली वाफ हळूहळू सोडायची. मी एकदा घाईत शिट्टी उचलली आणि केशरी कारंजं थेट टाइल्सवर गेलं. छतावरचा एक ठिपका अजून आहे. वेळ वाचला असेल पाच मिनिटं, पुसण्यात गेली वीस.

ऑलिव्ह ऑइल लागतं का? ओव्हन?

दोन्ही नाही.

आठ पाहुणे येणार आहेत. सगळं दुप्पट करू का?

एका कढईत नको. अर्धा किलो पास्ता ढवळताच येत नाही, खालचा लागतो आणि वरचा कच्चा राहतो. दोन कढया, दोन शेगड्या. किंवा सरळ बिर्याणी मागवा.

चिकन फ्रीजरमध्ये दगड झालंय आणि साडेसात वाजलेत.

ओट्यावर उघडं ठेवून सोडवू नका, आपल्या हवेत तर नाहीच. पिशवीत घट्ट बंद करून थंड पाण्याच्या भांड्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. पातळ पसरून गोठवलेलं असेल तर तासाभरात सुटतं, गोळा असेल तर आज अंडाकरी करा. यापुढे फ्रीजरमध्ये ठेवताना पिशवी थालीपीठासारखी थापून ठेवा. सकाळी निघताना खालच्या कप्प्यात सरकवली की संध्याकाळपर्यंत तयार.

दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचाय. टिकेल?

वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. दोन तासांहून जास्त बाहेर नको आणि मे महिन्यात तासाभराहून जास्त नको. रात्रभरात पास्ता सगळा रस पिऊन टाकतो आणि सकाळी विटेसारखा दिसतो. घाबरू नका. डब्यात भरताना दोन चमचे पाणी किंवा दूध घाला आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये मध्ये एकदा ढवळून चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. ऑफिसात फ्रीज नसेल तर हा डबा नेऊ नका. उन्हात, गर्दीच्या गाडीत आणि मग टेबलाखाली पाच तास चिकन ठेवणं धोक्याचं आहे. त्या दिवशी पोळीभाजीच बरी.

मुलं भाज्या निवडून बाजूला काढतात.

गाजर किसून टोमॅटोबरोबर घाला, दिसत नाही. पालक शेवटच्या मिनिटाला, चिरून. मका कुणीच निवडून काढत नाही. सिमला मिरचीबद्दल माझा उपाय नाही. आमच्याकडे ती ताटाच्या कडेला रांगेत मांडली जाते आणि शेवटी मी खाते.

सोबत पोळी-भात करावा लागतो का?

पाव किलो पास्ता आणि चारशे ग्रॅम चिकन चौघांना पुरतं. काकडी-टोमॅटो चिरून ठेवा, झालं. पण माझ्या सासऱ्यांचं पोळीशिवाय जेवण होत नाही. पहिल्या बुधवारी ते ताटाकडे बघत म्हणाले, "भाजी छान झालीय, पोळी कुठाय?" मी बरंच समजावलं. आता येताना सेक्टरातल्या पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या घेऊन येते. ते पास्ता पोळीत गुंडाळून खातात आणि आगरी मसाला असेल त्या दिवशी तिसरी मागतात.